बदकांची टाकी बांधणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे. तिला म्हणावं, मालवणीत वाचलंस तरी चालेल, मला लिहिता येत नाही म्हणून शाळेतल्या भाषेत लिहिलंय. तुम्हाला तोंडावर सांगायला गेले तर तुम्ही 'तां काय नाय ओ बाई' म्हणून विडी शिलगावायला बाहेर जाल, हे मला माहीत आहे. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते. इतरांनीही वाचावं असं वाटतं. त्यातल्या दोघातिघांनी तर जरूर वाचावं.

'बदक कधी बुडतं काय?' हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता कुणी ते काढलं की मी उठून आत जाते. बदक बुडतं. माझं बुडलं.

पहिली टाकी ज्यांनी बांधली ते तालुक्याच्या गावचे मोठे कंत्राटदार. दहा फूट बाय आठ फूट, तीन फूट खोल. चारी भिंती सरळसोट, आतून आरशागत घोटाई, वर निळा रंग. पाणी सोडायला खाली भोक नाही, बाहेर यायला पायरी नाही. मी विचारलं तर हसले. म्हणाले, "बाई, पाण्यातलाच पक्षी तो, त्याला काय शिकवायचं?" त्यांच्या बिलावर जीएसटी होता, शिक्का होता, सही होती. टाकीला भोक तेवढं नव्हतं.

त्या टाकीत 6800 लिटरच्या आसपास पाणी मावायचं. आपल्याकडे पावसात आभाळ फाटतं, पण कातळातून ते सगळं निथळून समुद्राला मिळतं आणि चैत्र सरता सरता विहिरीचा तळ दिसायला लागतो. किनाऱ्याजवळच्या विहिरी तर मचूळ होतात. अशा दिवसांत पावणेसात हजार लिटर कोण बदलणार? आणि बदकं तर पाण्यातच शिटतात, चोचीतला कोंडा पाण्यातच धुतात, कडेचा चिखल उकरून पाण्यातच आणून टाकतात. परवाचं स्वच्छ पाणी आज हिरवं, उद्या तपकिरी. एका दुकानदाराने माशांच्या टाकीचा फिल्टर गळ्यात मारला. पिसं आणि शीट अडकून तो असा तुंबला की परत करायला गेले तर दुकानात घेईनात, वास येतो म्हणून.

घाण पाण्याचं आणखी एक असतं. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. आंघोळ झाली की चोच तिथे घासून ते तेल सगळ्या पिसांना लावायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. नीट आंघोळच मिळाली नाही की पिसं चिकटतात, मग पाणी कातडीपर्यंत शिरतं आणि बदक भिजून जड होतं. त्यात टाकीला बारीक तडा होता. पाण्याची पातळी काठापासून वीतभर खाली गेली, आणि सरळ गुळगुळीत भिंतीवर त्यांच्या पायाला धरायला काहीच नव्हतं. माझी सगळ्यात चांगली मादी, खाकी कॅम्पबेल जातीची, सकाळी पाण्यावर उलटी मिळाली. खाकी कॅम्पबेल वर्षाला 300च्या घरात अंडी देते म्हणतात. हिने पहिल्या पावसाळ्याचं तोंडही धड पाहिलं नाही.

उरलेली वाचावीत म्हणून एका डॉक्टरांकडे गेले. गरम, कोंदलेल्या पाण्यात पाला, मेलेले किडे सडत राहिले की बॉट्युलिझमचं विष तयार होतं आणि बदकाची मान लुळी पडते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच, "खर्च कशाला करता, मसाला वाटा." शेजारी उभा असलेला कंपाउंडरही हसला.

तुम्ही आलात ते खरं तर पडलेल्या कुंपणाचा गडगा उभा करायला. परसात टाकी दिसली तेव्हा थांबलात. मी सगळं सांगितलं. सांगताना माझ्या मनात एकच धाकधूक, हे आता हसणार. तुम्ही हसला नाहीत. काठावर उकिडवे बसलात आणि बराच वेळ बदकांच्या पायांकडे बघत राहिलात. तोंडाकडे नाही, पायांकडे. मग विचारलंत, "ह्येंका भायर येवची वाट खंय?"

त्या एका प्रश्नावर मला रडू आलं होतं, ते तुम्हाला कळू नये म्हणून मी चहा टाकायला गेले.

पुढचं काम कसं झालं ते विस्ताराने सांगत नाही, ज्यांना हवं त्यांनी घरी येऊन बघावं. जुनी टाकी फोडली नाहीत, आतच चिऱ्यांची एक भिंत घातलीत. पाण्याचा भाग सहा फूट बाय चार फूट, सव्वा फूट खोल. 850 लिटरही लागत नाहीत. तळाला उतार, उताराच्या टोकाला जाड पाइप आणि त्याला बूच. बूच काढलं की सगळं मळीचं पाणी आपसूक केळींच्या आळ्यात आणि तिथून पोफळींना. शीटखताचं पाणी ते. केळींना आता नुसतं बघत राहावं असे कोके आलेत. उरलेल्या भागात खडी-माती भरून अळू लावायला तुम्हीच सांगितलंत. काठाभोवती गोटे पसरलेत, म्हणजे चिखल उकरून पाण्यात नेणं बंद. प्यायच्या पाण्याचं घमेलं आणि कोंडा टाकीपासून लांब. लहान टाकी आणि सारखं ताजं पाणी, एवढाच त्यातला हिशेब. तो कुठल्याच शिक्केवाल्याच्या डोक्यात आला नव्हता.

पण हे पत्र त्यासाठी नाही. टाकी चांगली बांधणारे आणखीही असतील. हे पत्र तुमच्या मनगटासाठी आहे.

बदकांना बाहेर यायला तुम्ही जी उताराची घाटी घातलीत, तिच्यावर ओलं सिमेंट असताना नारळाचं सोडण फिरवलंत, पाय घसरू नये म्हणून. मला वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. गडगा केव्हाच पुरा झाला होता, टाकीही झाली होती, यायचं काही कारण नव्हतं. घाटीपाशी बसलात, शर्टाची बाही वर केलीत आणि मनगटाची आतली बाजू, जिथे डॉक्टर नाडी बघतात ती, सिमेंटवर टेकवून खालून वर ओढत नेलीत. मी म्हटलं, "मेस्त्री, हे काय? हात फिरवा ना." तुम्ही तळवा पुढे केलात आणि म्हणालात, "ह्या हाताक काय कळाचा नाय बाई, तो चिरो झालो. हयसर कळता."

खरंच आहे. बदकाच्या तळपायाची कातडी पातळ. खरबरीत जागी बारीकशी चीर पडली तरी आत घाण जाते, गाठ धरते, पाय सुजतो, आणि मग ते बदक पाण्याकडेच जात नाही. गुळगुळीत झालं तर घसरणार, खरबरीत झालं तर पाय जाणार. मधलं नेमकं कुठे, हे चिरे फोडून फोडून घट्टे पडलेल्या तळव्याला सांगता येणार नाही, हे तुम्हाला उमजलं होतं. मी बघत होते. वरच्या बाजूला एका ठिकाणी तुमचं मनगट अडकलं. तुम्ही तिथे दगडाचा तुकडा घेऊन घासलंत, पाणी ओतलंत, पुन्हा मनगट फिरवलंत. पुन्हा अडकलं. पुन्हा घासलंत. पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, एकीतून रक्ताचा टिपूस आला होता. मी हळद आणली तर टॉवेलला पुसून मोकळे झालात. त्यानंतर अख्खी घाटी एकदाही हात न अडकता पार झाली तेव्हा कुठे बाही खाली केलीत.

कुणाच्या बदकांसाठी? माझ्या. ज्यांची गावभर चेष्टा झाली त्या बदकांसाठी.

आमच्या वाडीच्या विहिरीवर पूर्वी दगडी डोण होती, येत्याजात्या गुरांसाठी. तिच्यात पाणी ओतल्याशिवाय माझी आजी स्वतःची कळशी उचलत नसे. कुणाची गुरं, कुठल्या वाडीची, हे कधी विचारलं नाही. पंप बसले तेव्हा डोण गेली, आणि मला वाटायचं की तिच्याबरोबर ती माणसंही गेली. आता साधं नळाचं काम असो की दाखला काढायचा असो, आधी आपण कोण ते बघतात, मग आपलं काम किती हसण्यासारखं आहे ते बघतात. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. मुलांना चांगुलपणाचे धडे दिले, निबंध लिहून घेतले, लाल शाईने दहापैकी आठ दिले. तुमच्या मनगटाला किती द्यायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्या आंघोळीच्या वेळी तुम्ही नव्हतात, म्हणून सांगते. आधी एकही आत जाईना. मग लंगडी नावाची मादी पुढे झाली, घाटीवर दोन पावलं, थांबली, चोच बुडवली. नाकपुड्यांतून पाणी उडवलं. आणि मग डोकं खाली घालून पाठीवर असं पाणी फेकलं की माझं लुगडं भिजलं. तिच्यामागे सगळी. पंख आपटणं, बुडी मारणं, एकमेकांच्या अंगावर जाणं, नुसता दंगा. बाहेर आली ती एकामागून एक, घाटीनेच, न घसरता. गोट्यांवर उभं राहून माना मागे वळवून शेपटीशी चोच घासायला लागली. मी लंगडीच्या पाठीवर ओंजळभर पाणी टाकून बघितलं. थेंब घरंगळून खाली गेले.

पाणी आम्ही दिवसाआड बदलतो, उन्हाळ्यात रोज. बूच काढायचं काम शेजारच्या पोराने मागून घेतलंय; त्याला ते पाणी गुडगुडत जाताना बघायचं असतं.

आता व्यवहाराचं. त्या मनगटाच्या दिवसाची हजेरी तुम्ही धरली नाहीत. मी वहीत मांडून ठेवली आहे. येऊन घेऊन जा, नाहीतर मी नातीकडे देईन. तिला बदकाची अंडी चालतात का तेही कळवा. कोंबडीच्या अंड्याहून मोठी असतात आणि बलक भरपूर. बाळ-बाळंतपणाच्या घरी तर मी आवर्जून पाठवते. टोपलीभर काढून ठेवलीत.

आपली,
वरच्या वाडीतली बाई

ता. क. पहिल्या टाकीच्या कंत्राटदारांचा फोन आला होता. कुणा रिसॉर्टवाल्याला बदकांसाठी टाकी हवी आहे म्हणे, तर माझी ही नवी टाकी कुणी बांधली, असं विचारत होते. तुमचा नंबर अजून दिलेला नाही. देऊ का?