कांदा निर्यातीचे नियम हंगामाआधी सांगा

महोदय,

व्यापाऱ्याचा सरकारवरील विश्वास अधिसूचना कोणत्या दिवशी येते यावर किती अवलंबून असतो, हे कांद्याच्या निर्यातीत स्पष्ट दिसते. केंद्राने १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यात शुल्क लावले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येत नाही) ठरवले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंतच असल्याचे सांगितले होते. मुदत संपत आली तेव्हा ती पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली. मे महिन्यात ती उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य हटले, शुल्क निम्मे झाले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले.

शहरातील ग्राहकाला कांदा महाग पडू नये, या हेतूबद्दल तक्रार नाही. शुल्क आधी माहीत असेल, तर निर्यातदार ते भावात धरतो. सौदा होऊन कंटेनर भरल्यावर आलेला नियम मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही, आणि एकदा माल वेळेवर न मिळालेला परदेशी खरेदीदार पुढच्या वेळी पाकिस्तान किंवा इजिप्तकडे चौकशी करतो. त्यातही डिसेंबरची बंदी अधिक जाचक होती, कारण तेव्हा लासलगाव, पिंपळगावला येणारा लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. शेतकऱ्याला त्या दिवशी मिळेल त्या भावाला तो द्यावाच लागतो.

डिसेंबर २०२३ च्या त्याच आठवड्यात उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावरही बंदी आली आणि काही दिवसांतच १७ लाख टन साखर इथेनॉलकडे वळवण्याच्या मर्यादेपर्यंत ती शिथिल झाली. साखर कारखान्यांनी आसवनींसाठी (इथेनॉल बनवणाऱ्या प्रकल्पांसाठी) कर्जे काढली, ती सरकारच्याच व्याज सवलतीच्या भरवशावर. (बँकेचा हप्ता अधिसूचना पाहून थांबत नाही, हे वेगळे सांगायला नको.)

घाऊक भाव कोणत्या पातळीवर गेल्यास कोणता निर्बंध लागेल, हे सरकारने लागवडीपूर्वीच जाहीर करावे, आणि करार होऊन बंदराकडे निघालेला माल नव्या निर्बंधातून वगळावा. असे झाले, तर चाळी, शीतगृहे आणि प्रतवारीची यंत्रे यांत पैसा घालायला लोक पुढे येतील. सध्या त्यासाठी कर्ज काढू पाहणाऱ्याला घरचेच आधी अडवतात.

– एक वाचक, निफाड (जि. नाशिक)