‘लाख’ बाद, ‘ची’ पास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांची स्क्रॅबल स्पर्धा असते: गुण लिहिलेल्या अक्षरांच्या सोंगट्या बोर्डावर लावून इंग्रजी शब्द करायचे. यंदा माझ्या सातवीतल्या नातीने एल-ए-के-एच अशी अक्षरं लावून ‘लाख’ मांडला. परीक्षक म्हणाले, “अगं, हे मराठी झालं, उचल.” थोड्या वेळाने समोरच्या मुलाने हातातली सातही अक्षरं मोबाइलमध्ये टाकली आणि त्यातून निघालेला क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द बोर्डावर ठेवला. मोबाइलने दिला म्हणून तो पास! अर्थ विचारला तर मुलाने परीक्षकांकडे पाहिलं आणि परीक्षकांनी छताकडे.

त्याचा उच्चार ‘ची’, आणि चिनी लोक प्राणशक्तीला तसं म्हणतात. तो शब्द बरोबरच होता, पण ‘लाख’ही तितकाच बरोबर. कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशवाल्यांच्या स्क्रॅबल शब्दयादीत लाख, क्रोर, रोटी, धोती, घेराव सगळे आहेत. शिवाय गुण वाढवणारी घरं सोडून साध्या घरांत या दोन्ही शब्दांचे गुण 11च होतात. नातीची वकिली करत नाही. ती हरली ती शेवटी झेड हातात राहिला आणि त्याचे गुण वजा झाले म्हणून, आणि त्याबद्दल मी तिला ऐकवलंही आहे.

गिरगावातल्या छापखान्यात मी 28 वर्षं खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, जुळवले, त्यामुळे हा खेळ मला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला. इंग्रजी टाइपाच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, ईचा खण सगळ्यांत मोठा, हाताखालीच. क्यू, एक्स, झेडचे खण बोटभर. स्क्रॅबलच्या पिशवीतही 100 सोंगट्यांत ई 12, क्यू आणि झेड एकेकच. हा खेळ तयार करणारे आल्फ्रेड बट्स मंदीत काम गेलेले अमेरिकन वास्तुविशारद. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्यांनी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवरून मोजलं. एस मात्र मुद्दाम 4च ठेवले, नाहीतर जो तो शेपटीला एस लावून अनेकवचनं करत बसला असता.

क्यूचं म्हणाल तर आमचा हात ठरलेला: क्यू उचलला की पाठोपाठ यू. म्हणून यू मिळाला नाही की मुलं क्यू शेवटपर्यंत धरून बसतात आणि 10 गुण घालवतात. यूवाचून चालणारे क्यूचे शब्द आम्ही आजोबा-नातीने एका जुन्या डायरीत लिहायला घेतले. फकीर, तलाक, कव्वाली, नकाब... हे सगळे इंग्रजी यादीत क्यू घालून बसलेले. नात म्हणाली, “आजोबा, हे तर आपलेच आहेत!” अरबीतून इंग्रजीत शिरले तसेच आपल्याकडेही आले, एवढंच. मोबाइलमध्ये अक्षरं टाकली असती तर ही यादी क्षणात आली असती, पण मग ‘फकीर’च्या मधे क्यू दिसल्यावर ती जी हसली ते राहून गेलं असतं.

मोबाइलशी माझं भांडण नाही. घरी सराव करताना खुशाल बघावं. स्पर्धेत मात्र खेळाचा मूळ नियम पाळावा: आधी शब्द मांडायचा, कोणी हरकत घेतली तरच यादी उघडायची, आणि शब्द चुकला तर सोंगट्या उचलून तेवढी पाळी सोडायची. यादी कोणती, हे पहिली सोंगटी पडण्याआधी सांगावं. अमेरिकेत खेळतात ती यादी वेगळी आणि कॉलिन्सची वेगळी, त्यामुळे एका मोबाइलवर चालणारा शब्द दुसऱ्यावर बाद होतो आणि मुलं उगाच हमरीतुमरीवर येतात.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीतही ‘दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधा’ हे कोडं असतं. उत्तरांखाली कोणता शब्दकोश धरला, तेवढी एक ओळ छापाल का? गेल्या खेपेस नातीने उत्तरांत नसलेले तीन शब्द काढले होते. ते बरोबर की चूक, यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे.

आपला,
एक निवृत्त खिळेजुळारी,
नौपाडा, ठाणे