आबांचा पाय राखणाऱ्या डॉक्टर मॅडमना

स. न. वि. वि.

आबांचा डावा पाय आज शाबूत आहे, एक बोट सोडून. भेटून आभार मानले तर तुम्ही "पुढचा पेशंट पाठवा" म्हणून मोकळ्या झालात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आबा मार्केट यार्डातले जुने हमाल. तीस-तीस किलोचे गुळाचे रवे उचलण्यात जन्म गेला, आणि चैत्रात जोतिबाला अनवाणी जायचा नेम. शुगर बऱ्याच वर्षांची. यंदा डोंगरावरून आले ते अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम घेऊन. "दुखत न्हाई खरं," म्हणत हळद लावत राहिले. बोट काळं पडल्यावर एका दवाखान्यात नेलं, तर पाय बघताक्षणी निकाल: गुडघ्याखालून काढावा लागेल, उद्याच ॲडमिट करा.

तुम्ही बघताक्षणी काहीच बोलला नाहीत. आबांना डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवलात, १० ग्रॅमच्या दाबानं वाकणारा. आबा विचारतायत, "लावा की, कवा लावणार?" आणि तुमचं चार ठिकाणी लावून झालेलं! न दुखण्याचं कारण मला तिथं कळलं.

मग दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब घेतलात. घोट्याचा दाब दंडाच्या १.४ पट आला. मी म्हटलं, चांगलंच आहे की. तुम्ही मान हलवलीत. मधुमेहात रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती कडक होते, पट्ट्यानं दबत नाही आणि आकडा उगाच फुगतो, हे तुम्ही गर्दीच्या ओपीडीत उभ्या उभ्या समजावलंत. अंगठ्याला चिमुकला पट्टा बांधल्यावर खरा दाब निघाला, ३४. साठच्या आसपास तरी हवा, तिसाच्या खाली गेला तर फार अवघड, म्हणालात. लालीभोवती पेनानं रेघ ओढून मोजलंत, लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या पुढं गेली होती. जखमेत सळई घातलीत तर टोकाला हाड लागलं.

केसपेपरवर तीन आकडे लिहिलेत: जखम २, रक्तपुरवठा २, संसर्ग २. प्रत्येकाला शून्य ते तीन, आकडा जेवढा मोठा तेवढं वाईट, ही पद्धत २०१४ पासूनची. पाय जाण्याचा धोका जास्त आहे, हे तुम्ही लपवलं नाहीत. उगाच धीर देणाऱ्यांचा मला राग येतो. पण जखम एका बोटापुरतीच आहे, रक्त पोचत नाही हे खरं दुखणं, आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. आधी ॲडमिट करून अँटिबायोटिक, मग पायाची अँजिओप्लास्टी, अंगठ्याचा दाब पन्नाशीपुढं गेल्यावर फक्त तेवढं बोट काढायचं. क्रम तुम्ही ठरवलात आणि सर्जनसाहेबांच्या मागं लागून तो पाळायला लावलात.

जखम भरायला वेळ लागला. ड्रेसिंगवाल्या सिस्टरांचेही आभार. आबांच्या शिव्या त्यांनीच खाल्ल्या.

तुम्ही सांगितल्यापासून आबा कोल्हापुरी सोडून मागं पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल घालतात. कुरकुर चालूच असते. रोज रात्री आई तळवे बघते. यार्डातल्या शुगरवाल्या दोघातिघांना आबांनी तुमच्याकडं यायला सांगितलंय. सोमवारी येतील. त्यातला एकजण "काय दुखत न्हाई" म्हणेल, त्याला तेवढा दोरा आधी लावा.

आपला,
आबांचा थोरला