सत्कारासाठी नावे आणि सन्मानचिन्हांबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

26 जानेवारीला ध्वजवंदनानंतर आपल्या जिल्हा परिषद शाळेत माजी विद्यार्थी व देणगीदारांचा सत्कार आहे. नावे 5 जानेवारीपर्यंत मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावीत. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होईपर्यंत कोणालाही परस्पर निमंत्रण देऊ नये.

माजी विद्यार्थ्यांची नावे जनरल रजिस्टरवरून (शाळेच्या प्रवेश नोंदवहीवरून) पडताळली जातील, म्हणून प्रवेशाचे अंदाजे वर्ष जरूर कळवा. विद्यार्थिनींच्या बाबतीत घोळ हमखास होतो: रजिस्टरला माहेरचे नाव, आताच्या कागदांवर सासरचे. दोन्ही लिहा आणि सन्मानचिन्हावर कोणते हवे ते त्यांनाच विचारा.

बाके, पाण्याची टाकी, संगणक देणारे साठा नोंदवहीत सापडतात. पण सुट्टीत येऊन पत्रे बसवून देणारा सुतार किंवा भिंती रंगवणारा पेंटर कुठल्याच पावतीवर नसतो, म्हणून गळतो. अशी नावे सगळ्यांत आधी आठवा. त्यांचा मान रोख देणगीइतकाच आहे.

सन्मानचिन्हाचा मजकूर नुसता फोनवर सांगून किंवा पाठवून थांबू नका. मोबाइलवरचा मजकूर दुकानदाराच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना रफार सरकतो, जोडाक्षरे तुटतात. ‘सूर्यवंशी’चे ‘सूयर्वंशी’ होते. कागदावर प्रूफ काढून घरच्या माणसाला दाखवा, मगच कोरायला द्या.

मुले सकाळपासून उभी असतात. आधी त्यांना बसवून खाऊ वाटावा. मनोगत प्रत्येकी दोन मिनिटे. वयस्कर सत्कारमूर्तींना मंचाच्या पायऱ्या चढायला लावू नये, शाल-श्रीफळ घेऊन पाहुण्यांनीच खाली यावे.

— संयोजन समिती