पोस्टातले पैसे मोडू नका

घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)
दि. १८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुवारी रात्री तुम्ही फोनवर म्हणालात, "पोस्टातले पंधरा लाख मोडतो, तुझ्या कर्जात भर आणि मोकळा हो," तेव्हा मी नुसते "बघू" म्हणून फोन ठेवला. अशा विषयावर बोलताना माझा आवाज जड होतो आणि मग तुम्ही दोघे पैशांचे सोडून माझ्या आवाजाचीच काळजी करत बसता, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. सर्वांत आधी विनंती एवढीच की, ते पैसे मोडू नका. पोस्टातून फॉर्म आणून ठेवला असेल तर तो कपाटात तसाच राहू द्या. असे का म्हणतो, ते पुढे लिहिले आहे.

तुम्हाला निम्मीच हकीकत माहीत आहे. गणपतीत मी एकटा आलो आणि तुमच्या सुनेला रजा मिळाली नाही असे सांगितले, ते खरे नव्हते. ती जूनपासून पुण्यात राहते. तिची बदली झाली हे खरे आहे, पण ती बदली तिने मागून घेतली होती आणि मीही तिला थांब म्हटले नव्हते. आमच्यात मोठे भांडण असे काही झाले नाही. दोन-अडीच वर्षांत बोलणे कमी कमी होत गेले आणि शेवटी वाणसामानाची यादी आणि गॅसचा नंबर यांपलीकडे एकमेकांना सांगण्यासारखे काही उरले नाही. सध्या आम्ही महिन्यातून दोनदा, शनिवारी, नौपाड्यात एका समुपदेशक बाईंकडे जातो, आणि जूनअखेरपर्यंत कोणताही कायमचा निर्णय घ्यायचा नाही, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. पुढे काय होईल हे आज मला सांगता येत नाही आणि तिलाही सांगता येत नाही. आई, चूक कोणाची असे तू विचारशील. तिच्यावर ठपका ठेवू नकोस, एवढेच मी आज खात्रीने लिहू शकतो.

आता कर्जाविषयी लिहितो. २०२० च्या डिसेंबरात आपण हे घर घेतले तेव्हाची धावपळ तुम्हाला आठवत असेल, कारण मुद्रांक शुल्कातली ३ टक्क्यांची सवलत ३१ डिसेंबरपर्यंतच होती आणि करारनामा त्याआधी व्हावा म्हणून आम्ही दोघे रजा काढून फिरत होतो. कर्ज ६० लाखांचे होते, मुदत २० वर्षांची आणि व्याज ७ टक्के. पहिला हप्ता ४६,५१८ रुपयांचा होता. त्यातले ३५,००० व्याजात गेले आणि जेमतेम साडेअकरा हजार मुद्दलात. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, आमचे कर्ज त्या दराशीच जोडलेले असल्यामुळे व्याज साडेनऊ टक्के झाले आणि हप्ता साडेपंचावन्न हजारांवर गेला. आतापर्यंत आम्ही सुमारे ३१ लाख रुपये भरले आहेत आणि मुद्दल उतरले आहे ते फक्त ७ लाखांनी. अजून ५३ लाख बाकी आहेत.

हा हिशेब मला एकट्याने पाहवत नव्हता. तो माझ्यासमोर बसून ज्याने पाहिला, त्या मित्राला तुम्ही ओळखता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी आपल्या चिपळूणच्या घरात शिरले, त्यानंतर ठाण्याहून टेम्पोत पाण्याचे कॅन, फावडी आणि खराटे घालून जे चौघे आले होते, त्यांतला जो उंच मुलगा दोन दिवस माजघरातला चिखल घमेल्याने उपसत होता, तोच. आई, तू त्याला तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले वाढलेस, ते तो अजून काढतो. काही वर्षे त्याने एका वित्तसंस्थेच्या कर्ज विभागात काम केलेले आहे. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो सकाळी नऊला आला, कर्जाचा पाच वर्षांचा उतारा त्याने जेवणाच्या टेबलावर पसरला आणि लाल पेन्सिलीने प्रत्येक महिन्याच्या व्याजाखाली रेघ मारत गेला. त्या दिवशी त्याने मला संसाराविषयी एक अवाक्षर विचारले नाही. दुपारी दोन वाजता त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "आता आकडे कळले. आता जेवू." त्या वाक्याने मला किती धीर आला, हे तेव्हा त्यालाही सांगता आले नाही.

त्याला बोलवावे लागले ते ज्या प्रसंगामुळे, तोही तुमच्यापासून लपवला होता. गणपती आटोपून ५ सप्टेंबरला मी चिपळूणहून परत निघालो, तेव्हा गाडीतच मोबाइलवर संदेश आला की, खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे घराचा हप्ता परत गेला आहे. तिने पगाराचे खाते बदलले होते, त्यामुळे जुन्या खात्यातून आमच्या संयुक्त खात्यात दरमहा आपोआप येणारे पैसे बंद झाले होते. ते तिच्या लक्षात आले नाही आणि खाते तपासावे हे माझ्या लक्षात आले नाही. कोणाचा हेतू वाईट नव्हता, पण बँकेला हेतूशी कर्तव्य नसते. कर्जावर दोघांच्या सह्या असल्या की संपूर्ण कर्जाला दोघेही जबाबदार असतात आणि एकाची चूक दोघांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, दिसते. त्याच रात्री याच मित्राने मी न मागता २८ हजार पाठवले, दुसऱ्या दिवशी हप्ता आणि दंड भरला गेला, आणि त्याचे पैसे मी त्याच महिन्यात परत केले.

त्यानंतर आम्ही दोघांनी एक शिस्त घातली आहे. दोघांचाही निम्मा वाटा प्रत्येक महिन्याच्या २८ तारखेच्या आत संयुक्त खात्यात येतो, खात्याचे संदेश दोघांच्याही मोबाइलवर येतात आणि तीन हप्त्यांइतकी रक्कम त्या खात्यात कायम ठेवायची, असे ठरले आहे. त्यासाठी मी दिवाळीचा बोनस त्यात घातला आणि तिने तिच्या आवर्ती ठेवीचे पैसे. सप्टेंबरानंतर एकही हप्ता चुकलेला नाही. बाबा, तुम्हाला रात्री झोप लागत नाही असे आई म्हणाली, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

२०२५ मध्ये रेपो दर उतरत उतरत डिसेंबरात सव्वापाच टक्क्यांवर आला, त्यामुळे आमचे व्याज आता सव्वाआठ टक्के झाले आहे. हप्ता आहे तेवढाच ठेवला तर कर्ज सुमारे २ वर्षे लवकर फिटते, आणि मुदत आहे तेवढीच ठेवली तर हप्ता सुमारे ४ हजारांनी कमी होऊन ५१,४०० च्या आसपास येतो. मित्राचे मत ठाम होते की, हप्ता कमी करू नये, कारण व्याजाची खरी बचत मुदत घटवण्यात आहे. त्याचे गणित बरोबर आहे, तरीही मी हप्ता कमी करून घ्यायचे ठरवले. ती पुण्यात भाडे भरते, मी इथला देखभाल खर्च भरतो, म्हणजे आज आम्ही दोन घरे चालवतो आहोत, आणि अशा दिवसांत हातात राहिलेले चार हजार मला कर्ज दोन वर्षे लवकर फिटण्यातल्या बचतीपेक्षा मोलाचे वाटतात. शिवाय बदलत्या दराच्या गृहकर्जात वैयक्तिक कर्जदाराने मध्येच जास्तीचे पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही, त्यामुळे दिवस बरे आले की ती भर घालता येईल.

आता तुमच्या पंधरा लाखांविषयी. बाबा, पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुम्हाला ८.२ टक्के व्याज मिळते आणि माझ्या कर्जाचा दर ८.२५ टक्के आहे. म्हणजे तुमचे पैसे तिथून काढून इथे भरले तर फायदा जवळजवळ शून्य आणि नुकसान मात्र लगेच, कारण खाते दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी बंद केले तर मुद्दलातून १ टक्का, म्हणजे १५ हजार रुपये कापले जातात. दर तिमाहीला येणाऱ्या ३०,७५० रुपयांवर तुमची औषधे आणि घरखर्च चालतो. ते थांबले तर मला ते पुन्हा तुम्हाला पाठवावे लागतील आणि तुम्ही ते घेणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

पण हे हिशेबाचे कारण नसते तरी मी नको म्हटले असते. हे घर दोघांच्या नावावर आहे आणि कर्जही दोघांचे आहे. त्यात भरलेले पैसे त्या कर्जात मिसळून जातात. पुढे दुर्दैवाने वाटणीची वेळ आली तर त्यांतले पंधरा लाख माझ्या वडिलांचे होते, हे सिद्ध करत बसावे लागेल, आणि नाही आली तर तिच्या मनावर कायमचे ओझे राहील की, सासऱ्यांच्या म्हातारपणाचे पैसे आपल्यामुळे गेले. ज्या प्रश्नाला आम्हाला जूनपर्यंत मोकळ्या मनाने उत्तर शोधायचे आहे, त्याला असे बांधून टाकू नये असे मला मनापासून वाटते.

"तिच्याकडून हक्कसोड करून घे," असेही तुम्ही म्हणालात. तुम्ही ते माझ्या काळजीपोटी म्हणालात हे कळते, पण त्याचेही स्पष्ट लिहितो. वडिलोपार्जित घराचे बहीण-भावांत होते तसे ५०० रुपयांच्या मुद्रांकावरचे हक्कसोडपत्र विकत घेतलेल्या घराला चालत नाही. तिथे सोडलेल्या हिश्श्यावर खरेदीखतासारखेच शुल्क बसते. पतीपत्नींमध्ये राहत्या घराचे बक्षीसपत्र २०० रुपयांच्या मुद्रांकावर होते, इतर आकार वेगळे, पण बक्षीस म्हणजे मोबदल्याविना देणे. शिवाय घर गहाण असल्यामुळे बँकेच्या संमतीशिवाय यांतले काहीच पुढे सरकत नाही, आणि नाव निघाले तरी कर्जातली तिची जबाबदारी बँक सोडेपर्यंत संपत नाही. माझ्या ९२ हजारांच्या पगारावर ५३ लाखांचे कर्ज एकट्याच्या नावावर ठेवायला बँक तयार होईलच, असेही नाही.

ही सगळी माहिती मला कॉलेजातल्या एका मैत्रिणीने दिली. ती ठाण्यातच वकिली करते. ती आम्हा दोघांचीही मैत्रीण असल्यामुळे दोघांपैकी कोणाचेही वकीलपत्र घेणार नाही, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले, आणि त्यामुळेच तिच्यावरचा माझा विश्वास वाढला. तिच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. परस्परसंमतीने वेगळे व्हायचे झाले तरी कायदा आधी एक वर्ष वेगळे राहायला लावतो आणि अर्ज केल्यावर साधारणपणे आणखी सहा महिने विचाराला देतो. कायद्याला एवढी सबुरी आहे, मग मी घराचा निकाल एका महिन्यात का लावावा?

आणि बाबा, घराची पहिली रक्कम भरताना तिने तिच्या आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या दिवशी मी तिच्याबरोबर सराफाकडे होतो. त्याने पाटल्या काट्यावर ठेवल्या, वजन कागदावर लिहिले, आणि तिने त्या परत एकदा हातात मागून घेतल्या, मनगटात घालून पाहिल्या आणि काढून दिल्या. ते मी पाहिले आहे. तिला हक्क सोड म्हणून सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

घर विकण्याचा विचारही आम्ही केला आहे आणि तूर्त बाजूला ठेवला आहे. भाड्याने देण्यात अर्थ नाही, कारण आमच्याच इमारतीत एवढाच फ्लॅट ३२ हजारांना गेला. तेवढ्यात हप्ता भागत नाही आणि मला राहायला दुसरीकडे भाडे द्यावे लागेल.

मी एकटा आहे असे समजू नका. वकील मैत्रीण दर पंधरा दिवसांनी फोन करते. उंच मित्र गुरुवारी रात्री ऑफिसातून थेट इकडे येतो, मी कुकर लावतो, तो येताना कांदाभजी आणतो, आणि घोडबंदरची वाहतूक ओसरेपर्यंत आम्ही गॅलरीत बसतो. तुमचा फोन आला तेव्हाही तो शेजारीच होता. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "काकांना पत्र लिही."

काल शनिवारी ती आली होती. हप्ता कमी करण्याच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, त्या आम्ही याच टेबलावर केल्या. तिने तिळाच्या वड्या आणल्या होत्या, आई, तू दिलेल्या स्टीलच्या डब्यात. निम्म्या इथे ठेवल्या आणि निम्म्या तुमच्यासाठी कागदात बांधून दिल्या आहेत. तिला फोन करावासा वाटला तर जरूर कर, पण समजावायला करू नकोस. पूर्वी लोणच्याचे प्रमाण सांगायला करायचीस तसाच कर.

शिमग्याला मी येतो. बाबा, तेव्हा पोस्टाचे पासबुक काढून ठेवा, त्यावर आईचे नाव वारस म्हणून नीट लागले आहे का ते आपण जाऊन पाहून येऊ. ती येणार का, हे तिला विचारून तुम्हाला कळवतो.

तुमचा,
बाळ