पक्यास, तुझ्या त्या ओळीबद्दल

पुणे, रविवार रात्र

प्रिय पक्या,

इतक्या दिवसांनी पत्र म्हणजे कोणी गेलं की काय, असं वाटलं असेल तुला. कोणी गेलेलं नाही. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर काठावर. झालं.

तर लॅबच्या सर्व्हरवर, आपल्या सामायिक खात्याच्या, टर्मिनल उघडलं की आपोआप चालणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये, तुझी एक ओळ सापडली. 'एक्सपोर्ट पायथनपाथ'वाली, पायथनला कुठल्या फोल्डरांत शोधायचं ते सांगणारी. वर तुझाच शेरा: 'हात लावू नये. पक्या.' आणि लेका, खरंच कोणी लावला नाही!

रेवा म्हणून पीएचडीची मुलगी आहे. तिला वाकलेल्या पाइपातल्या प्रवाहाची चित्रं काढायचीत, दर टाइमस्टेपचं एक. आपण रात्र-रात्र क्लिक करत बसायचो, ती तेवढी मूर्ख नाही. तिने पॅराव्ह्यूसाठी, म्हणजे चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरसाठी, पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. 'पॅराव्ह्यू डॉट सिंपल' इम्पोर्ट करायला गेली, तर असं मॉड्यूलच नाही म्हणे. ते सोपं होतं. तिने लिनक्सच्या पायथनने चालवलं होतं आणि पॅराव्ह्यू स्वतःचं पायथन बरोबर घेऊन येतं. मी म्हटलं, त्याच्याच पीव्हीपायथनने चालव. पॅराव्ह्यू सापडलं, पण पुढच्याच ओळीत नमपाय, ती आकडेमोडीची लायब्ररी, आडवं पडलं. मग तिने पिप या इन्स्टॉलरने नमपाय पुन्हा बसवलं. बसलं की, पण लिनक्सच्याच पायथनमध्ये! कोणा शहाण्याने पॅराव्ह्यू काढून परत टाकायला सांगितलं, तेही करून झालं. रडकुंडीला आली बिचारी.

एरर भलीमोठी असली की सगळे खालची ओळ वाचतात आणि नेटवर शोधायला पळतात. वर फाइलचा अख्खा पत्ता छापलेला असतो, तो कोण बघतो? मी बघितला. फोल्डर तुझ्या नावाचं. आत शिरलो तर नमपायच्या कंपाइल केलेल्या फाइलींच्या नावातच 'सीपायथन-36एम' लिहिलेलं, म्हणजे पायथन 3.6 साठी बनवलेल्या. आमचं पॅराव्ह्यू 5.12, त्याच्या टारबॉलच्या, म्हणजे डाउनलोड केलेल्या गठ्ठ्याच्या, नावातच पायथन 3.10 आहे. 3.10 त्या 36एमवाल्या फाइलींकडे ढुंकूनही बघत नाही. आणि पायथनपाथमधली फोल्डरं पायथन आधी धुंडाळतं, स्वतःचं साइट-पॅकेजेस फोल्डर नंतर. म्हणजे घरात चांगलं नमपाय असताना ते तुझ्या अडगळीत डोकं आपटत होतं. तेवढ्यापुरता पायथनपाथ काढून टाकणारं 'एन्व्ह -यू पायथनपाथ' पुढे लावून चालवलं, चित्रं धडाधड पडायला लागली. रेवाने विचारलं, "सर, हे पक्या कोण?" काय सांगू?

याच ओळीवरून मेसमध्ये आपलं वाजलं होतं, आठवतं? मी म्हणत होतो, जे काय करायचं ते त्या एका स्क्रिप्टपुरतं कर, सगळ्यांच्या माथी मारू नकोस. तू म्हणालास, सरांना सकाळी चित्रं हवीत, तत्त्वज्ञान नंतर. सकाळी चित्रं तयार होती, हे मान्य. जाड्याने तेव्हा तुझी बाजू घेतली, ते मी विसरलेलो नाही.

आता खरी गोम. ती ओळ काढली की सिलिंडरवाली जुनी कामं बंद पडणार. ती अजून त्याच 3.6 वर चालतात. 3.6 चा सपोर्ट 2021 च्या डिसेंबरातच संपलाय. नव्यावर आणायचं म्हटलं तर तू जिथे-तिथे 'एनपी डॉट फ्लोट' लिहून ठेवलंयस, ते जुनं नाव नमपायने 1.24 आवृत्तीत काढूनच टाकलं. ते बदलेन मी, शोध-बदल तर करायचंय. पण त्या फोल्डरात तू हाताने दुरुस्त केलेलं काही आहे का? व्होर्टिसिटीचे, म्हणजे प्रवाहातल्या भोवऱ्यांचे, रंग त्यातूनच येत असतील, तर स्क्रिप्ट चालेल, चित्रही येईल, आणि ते चुकलंय हे कोणाला कळणारही नाही. याचीच धास्ती आहे. एरर आली तर निदान समजतं तरी. सरांना विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "पक्यालाच विचार." जूनमध्ये रिटायर होतायत, त्याआधी सगळी चित्रं नव्याने काढून हवीत त्यांना.

तुझ्या घराचा ताबा मिळाला का? पोरीची शाळा? वहिनींना नमस्कार.

फोल्डरातलं काय तू बदललंस, आठवेल तेवढं लगेच कळव. ओळ काढली नाहीये, पुढे हॅश लावून बंद ठेवलीय फक्त. सरांचं काही अडलं तर तुझा नंबर देणार आहे, आणि ते पहाटे पाचला फोन करतात.

तुझा,
बंड्या