बस रद्द केली आहे, सहल नाही

डेन्व्हर, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगणार होते. पण फोनवर बाबा नुसतं 'बरं' म्हणतात आणि मग त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात माझे चार दिवस जातात. म्हणून लिहून टाकते. सप्टेंबरच्या ग्रुप टूरमधल्या तुमच्या दोन्ही सीट मी काल रद्द केल्या. दादाला आधीपासून माहीत होतं. तोंड उघडू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं, तेव्हा त्याच्यावर डाफरू नका. आणि पैसे किती बुडाले हे विचारायचं नाही.

रद्द झाली ती बस. रॉकी माउंटन नॅशनल पार्क बघायचा आहेच, पण आपल्या गाडीतून, आपण तिघांनी. गाडी मी चालवणार. माहिती सांगायला फोनमध्ये ऑडिओ टूर घेतली आहे. गाडी जसजशी पुढे जाते तसतसा एक माणूस आपोआप बोलायला लागतो: डावीकडे कुठलं शिखर आहे, हा रस्ता कधी बांधला, पुढच्या वळणावर थांबा. बाबा, तुमचा आक्षेप मला इथवर ऐकू आला. 'यंत्राकडून काय ऐकायचं, माणूस हवा.' थांबा जरा, तिथेच येते आहे.

आधी माझं. मागच्या वेळी तुम्ही सहा आठवडे राहिलात आणि मी तुम्हाला काय दाखवलं? सकाळची माझी घाई आणि संध्याकाळचा माझा शिणलेला चेहरा. आई रोज बाल्कनीत उभी राहून पश्चिमेकडे हात करायची, 'त्या डोंगरात असतं तरी काय गं?' मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायचे, 'जाऊ या की एकदा.' तुम्हाला विमानतळावर सोडून परत येताना ते सगळे डोंगर समोर उभे होते, इतके स्वच्छ की मला बघवेनात.

आणि म्हणूनच या वेळी तुम्ही मला न सांगता ग्रुप टूर ठरवलीत, 'तुला त्रास नको.' ते लागलं मला. रागाने नाही लिहीत, खरं तेच लिहिते. मग तुमच्या आधीच्या ग्रुप टूरचे फोटो पुन्हा काढले. प्रत्येक ठिकाणी बाबा आहेत, सगळ्यांच्या मागे, टोपी घालून. आई दोनच फोटोंत आहे. एरवी ती बसमध्येच बसून होती. वीस मिनिटांत उतरा, बघा, परत या, हे तिच्या गुडघ्याला झेपत नव्हतं आणि 'माझ्यापायी चाळीस माणसं कशाला ताटकळायची.' हे वाक्य तिने मला हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

तर हा आवाज कोणाला ताटकळत ठेवत नाही आणि कोणासाठी ताटकळतही नाही. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहांवरून कळतं. नकाशावर जागा आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. गाडी त्या टप्प्यात शिरली की तिथली गोष्ट सुरू होते, संपली की पुढची जागा येईपर्यंत तो गप्प. आईने एका दगडावर तासभर बैठक मारली तरी तो 'चला चला' करणार नाही. बाबांना दर पाऊण तासाला उतरावं लागतं, तेही कोणाला सांगावं लागणार नाही. रेनबो कर्व्ह, रॉक कट आणि वरचं व्हिजिटर सेंटर, तिन्ही ठिकाणी सोय आहे, मी जाऊन बघितली. पहिल्या दोन ठिकाणी नळाला पाणी नसतं, म्हणून गाडीत बाटल्या ठेवणार आहे.

हो, जाऊन बघितली. गेल्या महिन्यात सगळा रस्ता करून आले. एकटी. आई, झालं ते झालं.

फजितीच झाली पहिल्या दिवशी. उपग्रहांना मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, हे फार बरं आहे, कारण पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसतंच. पण गोष्टी आणि नकाशा आधी घरीच फोनमध्ये उतरवून घ्याव्या लागतात. मी प्रवेशद्वाराच्या रांगेत फोन बघते तर डाउनलोड अर्ध्यावर. गाडी वळवली, खाली एस्टेस पार्क गावात आले आणि चाळीस मिनिटं ती निळी पट्टी सरकताना बघत बसले. तोवर माझी प्रवेशाची वेळ टळली. मे अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथे वेळ आरक्षित करावी लागते आणि त्या दोन तासांतच आत शिरावं लागतं. दुपारी दोननंतर ट्रेल रिज रोडला, म्हणजे पार्कमधून वर चढणाऱ्या आपल्या रस्त्याला, आरक्षण लागत नाही म्हणून दोनपर्यंत थांबले. वर पोचेपर्यंत ढग उतरलेले. आवाज म्हणतोय, 'पाहा, काय देखावा आहे!' आणि बाहेर पांढरं फटक. काचेवर फक्त वायपर. एकटीच हसत सुटले. रात्री गावात राहिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेले. नऊच्या आधीही आरक्षण लागत नाही, आणि दुपारचे ढग यायच्या आत माणूस खाली येतो. आपण सातला शिरणार. कुरकुर चालणार नाही.

बाबा, आता तुमचा 'माणूस हवा'.

लहानपणी प्रवासात खिडकीतून कालवा दिसला की तुम्ही मला झोपेतून उठवायचात. 'बघ, डोंगराला वळसा घालून पाणी कसं नेलंय.' मी डोळे चोळत 'हो' म्हणायचे आणि परत तुमच्या मांडीवर कलंडायचे. तुमच्या शर्टाला ऑफिसातल्या नकाशांचा वास यायचा, अमोनियाचा. मला अजून तो वास कुठे आला तर झोप येते.

त्या पार्कच्या पश्चिम बाजूला नेव्हर समर नावाची पर्वतरांग आहे. तिच्या अंगावर एक आडवी रेघ दिसते, पट्टी धरून ओढल्यासारखी. तो कालवा आहे, ग्रँड डिच. पार्क झाला १९१५ मध्ये, कालवा खणायला घेतला १८९० मध्ये. पश्चिमेला वाहून जाणारं वितळत्या बर्फाचं पाणी वरच्या वर अडवून जलविभाजकाच्या अलीकडे, पूर्वेच्या शेतीकडे आणतात. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून पुढे पार्कच्या पोटातून २१ किलोमीटरचा बोगदा काढला, ग्रँड लेककडून एस्टेस पार्ककडे. त्यातून पहिलं पाणी १९४७ मध्ये आलं. ऑडिओवाल्याने या बोगद्यावर दोन वाक्यं टाकली आणि थेट अस्वलांवर गेला! मी गाडीत एकटी, तरी मोठ्याने म्हणाले, 'अरे थांब, उतार किती दिला होता ते सांग आधी.' मग लक्षात आलं, हे मी नाही बोलले.

आणखी एक. पार्कमध्येच हॉर्सशू पार्क नावाचं एक कुरण आहे, त्याच्या कडेला प्रचंड दगडांचा पंखा पसरला आहे. वर लॉन लेकवर शेतकऱ्यांनी १९०३ मध्ये बांधलेलं मातीचं धरण होतं. १५ जुलै १९८२ ला सकाळी ते फुटलं. कचरा न्यायला आलेल्या एका माणसाला गडगडाट ऐकू आला, त्याने फोन केला म्हणून खालच्यांना हलवता आलं. तरी तीन माणसं गेली. पाण्याचा आउटलेट पाइप जिथे व्हॉल्व्हला जोडला होता, त्या सांध्यातलं शिसं खराब होऊन गळती लागली होती. हे ऐकलं आणि मी गाडी बाजूला घेतली. 'पाणी आधी सांध्यातून बोलतं.' किती वेळा ऐकलंय तुमच्या तोंडून, जेवताना, नळ दुरुस्त करताना, माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा. ते अकरा दिवस तुम्ही घरी आला नव्हतात, त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. त्या दगडांपाशी बसून बोलायचं असेल तर मी ऐकेन. नको असेल तर नको.

सांगायचं एवढंच की या आवाजाला थांबवता येतं. फोन डॅशबोर्डवर तुमच्या हाताशी लावणार आहे. त्याचं चुकलं, कमी पडलं, की बटण दाबा आणि तुम्ही बोला. बसमधल्या गाइडला असं गप्प करता आलं असतं का? शिवाय ही टूर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्यासाठी बांधलेली आहे. परत येताना त्याच्या गोष्टी नीट लागत नाहीत. ७७ किलोमीटर तो जवळजवळ मुका असतो. तेवढा रस्ता तुमचा.

आई, 'त्यांचं इंग्रजी मला कुठलं कळतंय' हे म्हणायचं नाही. तुला कळतं, तू दाखवत नाहीस. तरी दुसऱ्या फेरीत वही घेऊन बसले होते, जिथे जिथे थांबले तिथली गोष्ट मराठीत लिहून काढली आहे. निळी वही, रेघांची. तू बोट ठेवून माझ्याकडून वाचून घ्यायचीस ना, तशी तुझ्या शेजारी बसून वाचून दाखवेन. वर एका उंचीनंतर झाडंच संपतात, अकरा मैल नुसतं उघडं माळरान. सप्टेंबरमध्ये ते तांबूस झालेलं असतं. तिथल्या रोपांवर पाय द्यायचा नाही, तुडवलेलं भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. रॉक कटला दगडांत पायका दिसतो, मुठीएवढा, गोल कानांचा, सशाच्या कुळातला. मी बघितला तो तोंडात गवताची जुडी आडवी धरून पळत होता, दोन्ही बाजूंनी मिशा आल्यासारखा. हिवाळ्याची बेगमी. दगडाखाली ठेवली, बाहेर येऊन माझ्याकडे एकदा रागाने बघितलं आणि परत पळाला. तुझीच आठवण आली, खोटं कशाला बोलू.

आता तब्येतीचं. बाबा, हा भाग नीट वाचा, वरवर नको. हा रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. म्हणून आधी आठवडाभर डेन्व्हरलाच राहायचं, ते १,६०० मीटरवर आहे. मग एस्टेस पार्कला दोन रात्री, ते २,३०० च्या आसपास. तिथे पहिल्या दिवशी फक्त खालची कुरणं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून तुम्ही दोघं कसे आहात ते बघून वर जायचं की नाही ते ठरेल. वाटेत कोणाचं डोकं दुखलं, मळमळलं, धाप लागली तर जिथे असू तिथून गाडी खाली वळेल. चर्चा नाही. खाली उतरणं हाच त्यावरचा उपाय आहे. बसमध्ये हेच जमलं नसतं, चाळीस माणसांची बस तुमच्या एकट्यासाठी वळली नसती, आणि तुम्ही सांगितलंही नसतंत. मी तुम्हाला म्हातारं म्हणत नाही आहे. माझंही डोकं दुखलं होतं तिथे.

व्हिजिटर सेंटरमागे पायऱ्यांची एक वाट आहे, तिला इथले लोक 'हफर्स हिल' म्हणतात, म्हणजे धापा टाकण्याची टेकडी. ती दोघांनाही बंद. बाबा, लपून जायचं नाही. स्टेंट तुम्हाला आहेत, घाबरायचं आम्हाला पडतं. आणि चालवायलाही तुम्हाला देणार नाही. तुमचा हात पक्का आहे, प्रश्न हाताचा नाही. इथे उजव्या बाजूने चालवायचं, वर बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही, आणि तुम्ही कालवा बघायला मान वळवणार.

निघण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना या उंचीचे आकडे दाखवा आणि ते काय म्हणतात ते कागदावर लिहून आणा, 'डॉक्टर हो म्हणाले' हे तोंडी चालणार नाही. गोळ्या हातातल्या बॅगेत, सामानात नाही. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र आणा. आईने गुडघ्याचा पट्टा आणि तो जुना हिरवा स्वेटर. वर सप्टेंबरमध्येही बर्फ पडू शकतो. बाबांनी कानटोपी. फोटोतली टोपी वाऱ्यात उडेल.

संध्याकाळी कुरणाच्या कडेला गाडी लावून एल्क ऐकायचे आहेत. सांबराच्या कुळातलं, पण केवढं तरी मोठं जनावर. त्या दिवसांत नर ओरडतात, खर्जात सुरू होऊन एकदम शिट्टीसारखं वर चढतं. पाच वाजल्यानंतर कुरणात उतरायला बंदी असते, म्हणून खिडकी खाली करून गाडीतच बसायचं. तिथे ऑडिओ बंद.

विचारून रद्द करायला हवं होतं, हे मला कळतं. विचारलं असतं तर तुम्ही 'बरं' म्हणाला असता आणि बसनेच गेला असता.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, श्रवणयंत्राचे सेल जास्तीचे आणा, दोन पाकिटं. मागच्या वेळी संपले तेव्हा तीन दिवस तुम्ही नुसती मान हलवत होतात, आणि मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावला आहात.